नाणेघाट : रांजण आणि लेख

कोंकणांतील शूर्पारक व कल्याण या बंदरांतून सह्याद्रि चढून जुन्नरास व तेथून प्रतिष्ठानास, म्हणजे पैठणास, जाणारा प्राचीन राजमार्ग नाणेघाटांतून जात असे. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. त्यांत जकातीचें नाणें टाकीत, म्हणून घाटास हें नांव पडलें, असें सांगतात. आणि जवळच्या लेण्यांतील शिलालेख त्यास साक्षी म्हणून पुष्कळदां पुढें केला जातो. ही साक्ष कितपत टिकते, तें पाहूं.

लेख प्राकृत भाषेंत व ब्राह्मी लिपींत असून सातवाहन राणी नागनिका हिचा मानला जातो. सामान्यतः त्याचा काल इ. स. पूर्वींचें पहिलें शतक धरतात. त्यांत अश्वमेध, राजसूय इत्यादि यज्ञांची व त्यांत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, वस्त्रें यांची गणना आहे. २४,४०० कार्षापणांचा आंकडाही तेथें आहे. परंतु ती यज्ञांतील दक्षिणा होय. दक्षिणा राजगृहांतून बाहेर जाते, जकात आंत येते. लेख खंडित आहे खरा. पण जेवढा वाचतां येतो तेवढ्यांत जकातीविषयीं एक अक्षर नाहीं. म्हणून रांजणाची कथा हें ऐतिह्य समजावें. त्यास शब्दप्रमाणाचा आधार जोडूं नये.

मग मार्गाचें प्रमाण कोणतें? घाटांतील खोदीव वाट व पाण्याचीं टांकीं हें प्रत्यक्ष आहेच. याहून बोलका पुरावा जुन्नरजवळ लेण्याद्रीस मिळतो. तेथील मुख्य चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त यानें दान दिलें, असें त्यावरील लेख सांगतो. हेरणिक म्हणजे सोनार किंवा कोशाधिकारी. समुद्रकांठच्या नगरांतील धन डोंगरावर येऊन चैत्यरूपानें स्थिरावलें, हें या एका ओळीनें सिद्ध होतें. रांजणानें होत नाहीं.

घाटाच्या नांवाचा प्रश्न मात्र शिलालेखांनीं सुटणारा नव्हे. तो कागदांनींच सुटेल. ज्यांच्या संग्रहीं जुन्नर प्रांताच्या जकातीच्या याद्या, दस्तकें वा ताकीदपत्रें असतील, त्यांनीं घाटाचें नांव मुळांत ज्या रूपानें लिहिलें असेल त्याच रूपानें, मितीसह उतरून प्रसिद्ध करावें. अक्षर सुधारून लिहूं नये. कारण येथें निर्णय त्या अक्षरावरच अवलंबून आहे.