सेवाभावी क्लब आणि त्यांचे पाहुणे वक्ते

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी घराबाहेर पडावे आणि एखाद्या जाणत्या माणसाचे चार शब्द ऐकावेत, ही सवय आपल्या शहरांच्या अंगवळणी पडली आहे. मात्र या सवयीच्या जोडीने एक आक्षेपही तितकाच जुना चालत आला आहे. व्याख्याने पुष्कळ झाली, पण त्यांतून निष्पन्न काय झाले, असे लोक विचारतात. हा आक्षेप आम्हांला सर्वस्वी खोटा वाटत नाही, आणि सर्वस्वी खराही वाटत नाही. बोलण्यातून काम उभे राहते की नाही, हे जितके वक्त्यावर अवलंबून असते तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, ऐकणाऱ्यांची बैठक कशी बसवली आहे यावर अवलंबून असते. हे नीट ध्यानात यावे म्हणून एका वेगळ्या प्रकारच्या श्रोतृवर्गाची ओळख आम्ही येथे करून देणार आहोत. तो श्रोतृवर्ग म्हणजे रोटरी, लायन्स यांसारख्या सेवाभावी क्लबांची नित्याची सभा.

या क्लबांचा उगम अगदी साधा आहे. पॉल हॅरिस हा लहान गावात वाढलेला वकील शिकागोत येऊन राहिला. वकिली बरी चालली, पण गावाकडचा शेजारधर्म त्या अफाट शहरात त्याला कोठेच आढळेना. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी त्याने तिघांना एकत्र बोलावले. एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा अभियंता आणि एक शिंपीकामाचा व्यावसायिक. आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत बैठक भरवावयाची असे ठरले, आणि या फिरत्या बैठकीवरूनच 'रोटरी' हे नाव पडले. प्रत्येक धंद्यातला एकेकच सभासद घ्यावा, असाही नियम झाला. आरंभी या नियमामागे परमार्थ नव्हता. सभासदांनी एकमेकांना गिऱ्हाइके मिळवून द्यावीत, हा सरळ व्यावहारिक हिशेब होता. परंतु केवळ आपापसांतल्या देवघेवीवर मंडळी फार दिवस एकत्र राहात नाहीत, हे हॅरिसच्या लवकरच ध्यानात आले.

१९०७ साली क्लबाने सार्वजनिक हिताचे पहिले काम हाती घेतले. ते काम कोणते असावे? शिकागो शहरात सार्वजनिक स्वच्छतागृहे बांधविणे! त्याला विरोध करणारेही निघाले. बिअर गाळणारे कारखानदार म्हणू लागले की, पुरुषांची सोय आमच्या मद्यालयांत होतेच आहे. मोठे दुकानदार म्हणाले की, स्त्रियांसाठी आमची दुकाने उघडी आहेत. सोय फुकट असली तरी त्या मिषाने गिऱ्हाईक आत येई, हे खरे कारण. क्लबाने इतर संस्थांना सोबत घेऊन नगरपालिकेकडे चिकाटीने पाठपुरावा केला आणि दोन वर्षांत काम तडीस गेले. नगराच्या सेवेचा आरंभ अशा न मिरवता येणाऱ्या कामापासून झाला, ही गोष्ट आम्हांला मोठी बोलकी वाटते.

पुढे ही कल्पना देशोदेशी पसरली. भारतातला पहिला रोटरी क्लब १९१९ साली कलकत्त्यात निघाला, तर १९२९ साली मुंबईत क्लब झाला. कलकत्त्याचे नितीश लाहरी हे १९६२-६३ साली या जागतिक संस्थेचे अध्यक्ष झाले. आशियातील व्यक्तीला तो मान प्रथमच मिळत होता. लायन्स क्लबांची संघटना मेल्व्हिन जोन्स या विमा-व्यावसायिकाच्या पुढाकाराने १९१७ साली शिकागोतच उभी राहिली आणि १९५६ साली ती मुंबईत आली. आज महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावीही यांपैकी एखाद्या क्लबाची पाटी दिसते.

आता त्यांची सभा कशी चालते ते पाहू. रोटरीत दर आठवड्याला ठरल्या दिवशी सभा भरविणे हा पूर्वी नियमच होता. २०१६ पासून क्लबांना त्यात पुष्कळ मोकळीक मिळाली आहे. अध्यक्ष घंटा वाजवून सभा सुरू करतात. परगावच्या क्लबांतून आलेल्या सभासदांचे स्वागत होते, चालू कामांची निवेदने होतात, आणि मग पाहुण्या वक्त्याची पाळी येते. वक्त्याला वेळ बेताचाच, बहुधा वीस ते तीस मिनिटे. नंतर प्रश्नोत्तरे, आभार, आणि पुन्हा घंटा. पाहुणे ठरविण्याचे काम एखाद्या सभासदाकडे किंवा छोट्या समितीकडे असते. आज आरोग्याधिकारी, पुढच्या सभेला पाणीपुरवठ्याचे अभियंता, त्यापुढे शेतीतज्ज्ञ, निवृत्त न्यायाधीश, नाहीतर परदेशातून आलेला विद्यार्थी, असा क्रम लागतो. पक्षीय राजकारण आणि धर्मप्रचार यांना त्या व्यासपीठावर जागा नसते.

यात विशेष ते काय, असे कोणी म्हणेल. वक्ता तोच, विषय तेच. आमच्या व्याख्यानमालेतही हेच घडते. फरक आहे तो समोर बसलेल्या मंडळींत. तेथे बसलेले लोक निरनिराळ्या धंद्यांचे असतात, एकमेकांना नावाने ओळखतात, आणि मुख्य म्हणजे पुढच्या सभेला पुन्हा तेथेच भेटणार असतात. व्याख्यान संपल्यावर पांगणारा जमाव आणि व्याख्यान संपल्यावर उरणारे मंडळ, हा तो फरक होय.

याचे सर्वांत ठळक उदाहरण १९२५ सालचे आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातील सीडर पॉइंट येथे लायन्स क्लबांचे अधिवेशन भरले होते. ३० जून रोजी तेथे हेलन केलर बोलावयास उभ्या राहिल्या. दीड वर्षांच्या झाल्या नाहीत तोच दुखण्यात त्यांची दृष्टी आणि श्रवणशक्ती दोन्ही गेली होती. स्वतःचा आवाज त्यांना कधी ऐकू आला नाही. त्यांचे उच्चार नवख्या माणसाला सहज कळतही नसत. म्हणजे रूढ अर्थाने ज्याला आपण वक्तृत्व म्हणतो, त्याची साधने त्यांच्यापाशी नव्हती. पण त्यांची मागणी स्वच्छ होती. अंधांचे काम तुम्ही आपले म्हणून पत्करा, त्यांच्यासाठी लढणारे वीर व्हा, असे त्यांनी त्या मंडळींना सांगितले. लायन्सांनी ते पत्करले, आणि शंभर वर्षे होऊन गेली तरी दृष्टिरक्षण हे त्यांचे प्रमुख काम राहिले आहे. पाच वर्षांनी, १९३० साली, पिओरिया गावच्या लायन्स क्लबाचे जॉर्ज बॉनहॅम यांनी रस्ता ओलांडू पाहणाऱ्या एका अंध गृहस्थाची काळी काठी वाहनचालकांना दिसतच नाही, हे पाहिले. ती पांढरी रंगवावी आणि तिला रुंद तांबडा पट्टा द्यावा, अशी कल्पना त्यांनी क्लबापुढे मांडली. क्लबाने ती उचलून धरली, आणि तेथील नगरपालिकेने पांढरी काठी घेतलेल्या माणसाला आधी वाट द्यावी असा नियम केला. इतर देशांतही अशा काठ्यांचे प्रयोग सुरू झाले होते. पण एका सभासदाची नजर, क्लबाचा पाठिंबा आणि नगराचा नियम ही साखळी येथे नीट पाहावयास मिळते.

आपल्याकडचे नित्याचे उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या क्लबापुढे नेत्रवैद्य बोलले की, आसपासच्या खेड्यांत मोतीबिंदूने दृष्टी गेलेली वृद्ध माणसे घरी बसून आहेत, आणि शस्त्रक्रियेने त्यांतल्या पुष्कळांना पुन्हा दिसू शकेल. टाळ्या पडल्या. पुढे काय? आता त्या सभेतील धंद्यांची विविधता कामास येते. मुख्याध्यापक तपासणीसाठी शाळेच्या खोल्या मिळवून देतात. वाहतुकीचा धंदा करणारे गाडी देतात. औषधविक्रेते औषधांच्या थेंबांची तजवीज करतात. चष्म्याचे दुकानदार चष्मे पाहतात आणि हिशेबतपासनीस पैशांची वही ठेवतात. एकेकाळी शस्त्रक्रियाही शाळांत आणि धर्मशाळांत होत. आता जंतुसंसर्गाच्या भयामुळे गावी फक्त तपासणी होते आणि शस्त्रक्रिया रुग्णालयातच करतात. पण खरी कसोटी त्यानंतर लागते. शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांत थेंब घालावयाचे ते आजीबाईंच्या घरी कोण घालणार? फेरतपासणीच्या दिवशी त्यांना कोण आणणार? ज्या क्लबाने या दोन प्रश्नांची उत्तरे आधी लिहून ठेवली, त्याचे शिबिर खरे. ज्याने केवळ उद्घाटनाचे हार आणि छायाचित्रकार ठरविला, त्याच्या नेत्रवैद्यांचे व्याख्यान म्हणजे पालथ्या घड्यावरचे पाणी.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर पोलिओच्या बाबतीत घडली. १९७९ साली रोटरीने फिलिपीन्समधील सुमारे ६० लाख मुलांना लस देण्याचे काम पत्करले, आणि १९८५ साली जगभर त्यासाठी निधी उभारण्याचा संकल्प केला. भारतात १९९५ साली पल्स पोलिओची देशव्यापी मोहीम सुरू झाली. लस सरकारने दिली, घरोघर फिरण्याचे मुख्य कष्ट आरोग्यसेविकांनी उपसले, आणि क्लबांच्या सभासदांनी केंद्रांवर बसणे, मुलांना आणणे, भिणाऱ्या आईबापांची समजूत घालणे ही कामे केली. भारतातला पोलिओचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालात आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. हे श्रेय एकट्या क्लबांचे नव्हे. पण सरकारी यंत्रणेच्या जोडीला नागरिकांचे हात लागले म्हणजे काय होते, याचा हा पुरावा आहे.

क्लबांचे दोषही सांगितले पाहिजेत. सभासदत्व खर्चाचे असल्यामुळे तेथे बहुधा सुस्थितीतील मंडळीच दिसतात. ज्यांची सेवा करावयाची ते त्या खोलीत क्वचितच असतात. स्त्रियांना तर या क्लबांची दारे कित्येक दशके बंदच होती. कॅलिफोर्नियातील डुआर्टे गावच्या क्लबाने स्त्रियांना सभासद करून घेतले म्हणून रोटरीने त्या क्लबालाच संघटनेबाहेर काढले होते. १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्या क्लबाच्या बाजूने लागला, आणि १९८९ साली जगभरच्या रोटरीने तो निर्बंध उठविला. जेनिफर जोन्स या रोटरीच्या पहिल्या स्त्री-अध्यक्षा झाल्या, त्यासाठी २०२२ साल उजाडावे लागले. सेवेची भाषा बोलणाऱ्या संस्थेलाही आपले दार उघडावयास न्यायालयाची आठवण लागते, हे विसरून चालणार नाही.

तथापि बोलण्यातून काम उभे करण्याची विद्या परकीयांचीच, असे मात्र कोणी समजू नये. ज्या १९०५ साली शिकागोत ते चौघे जमले, त्याच साली जून महिन्यात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. तेथे सभासदाने सारे आयुष्य वाहून घ्यावयाचे होते. क्लबात तो फावला वेळ देतो. त्यागाची पातळी वेगळी, पण माणसे बांधून ठेवल्यावाचून विचार टिकत नाही, ही जाण एकच. महर्षी कर्व्यांनी डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. जपानमधील तशा विद्यापीठाची एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली होती. पुढल्याच वर्षी, १९१६ साली, ते विद्यापीठ सुरू झाले! कारण त्या भाषणामागे हिंगण्याची संस्था आणि तिच्यासाठी राबणारी माणसे आधीपासून उभी होती.

तात्पर्य, व्याख्यान हे बी आहे. बी कितीही कसदार असले तरी ते नांगरलेल्या जमिनीत पडावे लागते. वसंतात व्याख्यानाला येणाऱ्या आपल्यासारख्या नागरिकांनी कोणत्या क्लबाचे सभासद व्हावे की न व्हावे, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा आणि सवडीचा प्रश्न आहे. पण त्या क्लबांची एक रीत कोणालाही वर्गणीशिवाय उचलता येईल. विषय मनाला भिडला, तर उठण्यापूर्वी शेजारच्या चार खुर्च्यांवरील माणसांची नावे आणि धंदे विचारावेत, आणि यांतले कोणते काम आपण मिळून करू शकू व पुन्हा कधी भेटू, एवढे ठरवावे. त्या चौघांत एखादा शिंपी आणि एखादा कोळशाचा व्यापारी निघाला, तर फारच उत्तम.