वरणगावची चावी, मुंबईचं कुलूप

उर्दू माध्यमाच्या शाळेत मी गेली अठरा वर्षं मराठी शिकवते. आमची मुलं गणितात मागे नसतात, विज्ञानातही नसतात. पण मराठीचा पेपर म्हटला की घरात धास्ती बसते. घरी उर्दू, गल्लीत हिंदी, बाजारात लेवा बोली आणि पुस्तकातली मराठी आणखी निराळी. 'ळ' आणि 'ण' कानावर पडलेच नसतील तर ते जिभेवर कुठून येणार? म्हणून मी प्रत्येक धड्याचे शब्द, त्यांचे उर्दू अर्थ आणि माझ्या आवाजातलं वाचन तयार करू लागले. अम्मींनाही ऐकता यावं, हा त्यात हेतू होता.

हे सगळं आधी मोबाइलच्या ग्रुपवर जायचं. मोबाइल भरला की मुलं जुनं पुसायची. मग एका फुकटच्या खात्यात ठेवलं. एके दिवशी ते खातंच बंद झालं आणि दोन वर्षांची मेहनत गेली. पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत असलेल्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "खाला, स्वतःचा सर्व्हर घ्या. मी करून देणार नाही, तुम्हाला शिकवीन. करून दिलं तर बिघडल्यावर परत माझी वाट बघत बसाल."

मला त्याचा राग आला होता. आज वाटतं, बरोबर बोलला.

सर्व्हर म्हणजे काय?

सर्व्हर म्हणजे रात्रंदिवस चालू राहणारा कॉम्प्युटर. कुणी काही मागितलं की तो ते काढून देतो. तो घरीही ठेवता आला असता. पण वरणगावात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि घरच्या इंटरनेटचा पत्ता अधूनमधून बदलतो. म्हणून मुंबईतल्या एका मोठ्या यंत्राचा छोटासा हिस्सा भाड्याने घेतला. एक जीबी मेमरी, पंचवीस जीबी जागा, भाडं महिन्याला पाचशे रुपयांच्या आत. त्याला पडदा नाही, माऊस नाही. आपण इथून ओळी लिहायच्या, त्याने तिथून उत्तर द्यायचं.

त्यावर चालतं ते लिनक्स. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने त्याची सुरुवात केली आणि आतली सगळी मांडणी जगापुढे उघडी ठेवली. कुणीही वाचावी, सुधारावी, वाटावी. जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. आज आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सच आहे. जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीत २०१७ च्या नोव्हेंबरपासून लिनक्सशिवाय दुसरं काही नाही. आणि त्याची किंमत? शून्य. भाडं द्यायचं ते यंत्राचं.

मराठीतून पहिले धडे

माझं शिक्षण बीएड. इंग्रजी वाचते, पण तांत्रिक इंग्रजी वाचताना दम लागतो. भाच्याने मला आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल' दाखवले. पवईच्या या संस्थेतले प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने हा उपक्रम उभा राहिला. एकेक धडा साधारण दहा मिनिटांचा. पडद्यावर इंग्रजी कॉम्प्युटर दिसतो, पण समजावणारा आवाज आपल्या भाषेत, मराठीतही. अर्ध्या पडद्यावर धडा लावायचा, उरलेल्या अर्ध्यात स्वतः करून बघायचं. पैसे नाहीत, शिक्षक समोर नाही, चुकलं तर कुणी हसत नाही.

इशाच्या नमाजनंतर रोज एक धडा, असा नेम केला. कोणत्या फोल्डरमध्ये आहोत ते विचारणं, यादी काढणं, फाइल उघडणं, नक्कल करणं, हलवणं. महिनाभरात वीस-पंचवीस आज्ञा हाताखाली आल्या. अब्बा आमच्या इथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. पाळी संपली की काय केलं, काय राहिलं, ते वहीत लिहून मगच घरी यायचे. त्यांच्यासारखी मीही एक वही केली: तारीख, दिलेली आज्ञा, झालेला परिणाम. या वहीने मला पुढे किती वेळा वाचवलं, सांगता येणार नाही.

फाइलींच्या परवानग्या समजायला आठवडा गेला. शेवटी शाळेच्या हजेरीपटानेच समजल्या. हजेरीपट वर्गशिक्षक वाचतो आणि लिहितो, बाकीचे शिक्षक फक्त वाचतात, बाहेरच्याला हात लावता येत नाही. लिनक्समध्ये वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचा १ असे गुण असतात. मालकाला ४ अधिक २ म्हणजे ६, गटाला ४, इतरांना ०, म्हणून ६४०. एकदा माझं पान दिसेना, तर वैतागून मी सगळ्या फाइलींना ७७७ देऊन टाकलं, म्हणजे सगळ्यांना सगळं. भाचा म्हणाला, "खाला, खोलीची किल्ली सापडली नाही म्हणून घराच्या भिंती पाडल्यात तुम्ही."

दारावरची थाप

दूरच्या सर्व्हरमध्ये शिरायच्या वाटेला एसएसएच म्हणतात. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात कुणीतरी जाळ्यातून जाणारे पासवर्ड चोरून टिपले. तोपर्यंतच्या पद्धतीत पासवर्ड उघडाच जायचा, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. तिथल्या तातू युलोनेन या संशोधकाने मग ही बंद लिफाफ्याची पद्धत तयार केली. जगभर आज तीच चालते.

यात पासवर्डऐवजी किल्ल्यांची जोडी वापरता येते. एक भाग सर्व्हरवर ठेवायचा. ते झालं कुलूप, ते कुणी पाहिलं तरी बिघडत नाही. दुसरा भाग आपल्या लॅपटॉपवर; ती झाली चावी, ती कुणालाही द्यायची नाही. कुलूप मुंबईत, चावी वरणगावात.

पहिल्याच दिवशी मी भाच्याला म्हटलं होतं, "माझ्या सर्व्हरमध्ये आहे काय, की कुणी चोरायला येईल? शब्दार्थ?" त्याने मला नोंदवही उघडायला सांगितली. सर्व्हर कोण कधी आलं ते लिहून ठेवतो. सुरू करून एक रात्र झाली होती आणि नोंदवहीत नापास प्रयत्नांच्या ओळीच ओळी होत्या. 'रूट', 'अ‍ॅडमिन', 'टेस्ट' अशी नावं घेऊन कुठली कुठली यंत्रं दार ठोठावत होती. त्यांना मी कोण हे ठाऊक नव्हतं, त्याची पर्वाही नव्हती. गल्लीतल्या प्रत्येक दाराची कडी हलवून बघणारा चोर असतो, तसं हे. कमजोर सर्व्हर हाती लागला की त्यावरून दुसऱ्यांना फसवणारे मेल पाठवायचे, दुसऱ्यांवर हल्ले करायचे. म्हणजे चोरीला माझा माल जाणार नव्हता. माझ्या ओट्यावर बसून चोर शेजाऱ्यांना लुटणार होता.

त्या दिवशी पुढची कामं केली. मुख्य अधिकाऱ्याच्या म्हणजे 'रूट'च्या नावाने थेट प्रवेश बंद. स्वतःचं साधं खातं. मोठं काम असेल तेव्हाच 'सुडो' म्हणून अधिकार मागायचा. किल्ली चालते याची खात्री झाल्यावर पासवर्डचा रस्ता बंद. वारंवार चुकणाऱ्याला काही वेळ बाहेर ठेवणारी 'फेल-टू-बॅन' ही व्यवस्था. सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसतील अशी सोय. आणि दारांवर पहारा, म्हणजे फायरवॉल.

फायरवॉल लावताना मी स्वतःलाच घराबाहेर काढलं. एसएसएचचं दार क्रमांक २२. ते उघडं ठेवायची आज्ञा आधी द्यायची असते. मी ती न देताच पहारा सुरू केला. तुमचा संपर्क तुटू शकतो, पुढे जायचं का, असा प्रश्न त्याने विचारलाही होता. मी न वाचता 'हो' म्हटलं. बाहेर पडले ती परत आत जाता येईना. सेवा देणाऱ्या कंपनीच्या पानावरून यंत्राच्या समोर बसल्यासारखं आत जायची एक वाट असते, तिने सुटका झाली. वहीत लाल शाईने लिहिलं: आधी वाचा, मग एंटर दाबा.

उर्दू कुठे अडली

मराठीचं पान चटकन तयार झालं. उर्दूने रडवलं. माझे जुने उर्दू कागद इनपेज या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेले. त्यातली अक्षरं पानावर आणली की नुसती चिन्हं. मराठीच्या जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर जसा कचरा दिसतो, तसंच. सगळा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागला आणि बदलताना बिघडलेले शब्द एकेक करून तपासावे लागले. मग ओळी उजवीकडून डावीकडे जाव्यात म्हणून पानाला तसं सांगावं लागतं. नस्तालीक अक्षर तिरकं उतरतं, म्हणून दोन ओळींत अंतर जास्त ठेवावं लागतं, नाहीतर वरचे नुक्ते खालच्या ओळीवर बसतात. पान हलकं ठेवलं. साध्या मोबाइलवर, कमी रेंजमध्येही उघडलं पाहिजे.

शेवटी पत्त्यापुढे कुलपाचं चिन्ह यावं म्हणून 'लेट्स एन्क्रिप्ट'चं प्रमाणपत्र घेतलं. तेही फुकट. मी घेतलं तेव्हा त्याची मुदत ९० दिवसांची होती. ते वेळेवर आपोआप नवं होईल अशी व्यवस्था करता येते.

पंचेचाळीस बाइट

दहावीच्या पूर्वपरीक्षेला आठ दिवस उरले होते. रात्रीचे साडेअकरा. मला 'जुनी' या फोल्डरमधला पसारा पुसायचा होता. आज्ञेत फोल्डरचं नाव, तिरकी रेघ आणि लगेच चिकटून तारा, असं लिहायचं होतं. माझ्याकडून ताऱ्याच्या आधी एक मोकळी जागा पडली. मोकळी जागा म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी: एक 'जुनी' फोल्डर, आणि दुसरं, मी जिथे उभी आहे तिथलं सगळं. एंटर दाबलं. प्रश्न नाही, इशारा नाही. इथे कचरापेटीही नसते, पुसलं ते पुसलं. यादी काढली, तर रिकामी. ५८ ध्वनिफिती गेल्या.

मी घाबरले नाही, कारण रोज रात्री दोन वाजता आपोआप नक्कल निघेल अशी व्यवस्था मी केली होती. नकलांचं फोल्डर उघडलं. रोजची फाइल होती. प्रत्येकीचा आकार ४५ बाइट. म्हणजे पिशवी रोज बांधली जात होती, आत काहीच नव्हतं. आज्ञा मी स्वतः दिली तेव्हा योग्य फोल्डरमध्ये उभी होते, म्हणून चालली. रात्री यंत्र ती दुसऱ्याच फोल्डरमधून देत होतं आणि तिथे धडे नव्हतेच. तीन महिने मी फाइलीचं नाव बघून समाधान मानलं, उघडून एकदाही पाहिलं नाही. शिवाय नकला ठेवल्या होत्या त्याच सर्व्हरवर. सर्व्हरच गेला असता, तर त्याही गेल्या असत्या. मूळ रेकॉर्डिंग मोबाइल भरला म्हणून मीच पुसली होती.

सकाळी वर्गात खरं ते सांगितलं. माझ्या हातून चूक झाली, सगळं गेलं. वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. शाळेत फारसं न बोलणारी. म्हणाली, "टीचर, माझ्याकडे आहेत. घरी नेट नसतं, म्हणून मामूंकडे गेले की सगळे उतरवून घेते. अम्मी पापड लाटताना ऐकते." दुपारी तिची अम्मी फोन घेऊन शाळेत आली. त्यात ४३ निघाल्या. संध्याकाळपर्यंत आणखी घरांतून आठ आल्या. उरलेल्या सात मी रात्री बसून पुन्हा वाचल्या.

त्या अम्मी जाताना मला एक शब्द विचारून गेल्या. तिसऱ्या धड्यातला होता. मराठी वाचता न येणारी बाई तीन-तीनदा धडा ऐकून अर्थ विचारत होती. सर्व्हर कशासाठी घेतला, ते मला त्या दिवशी नीट कळलं.

जे शिकले ते

आता नक्कल तीन ठिकाणी असते: सर्व्हरवर, घरच्या लॅपटॉपवर आणि कपाटातल्या एका हार्डडिस्कवर. महिन्यातून एकदा त्यातली एक फाइल परत काढून, वाजवून बघते. न उघडलेली नक्कल ही नक्कल नव्हे. पुसायच्या आज्ञेआधी यादीची आज्ञा देते, म्हणजे काय पुसलं जाणार ते आधी दिसतं.

दुसरं, मुलांची नावं, गुण, फोटो, फोन नंबर सर्व्हरवर ठेवत नाही. दार ठोठावणारी यंत्रं पाहिल्यावर ती हिंमत राहिली नाही. २०२३ च्या व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. मुलांची माहिती ही अमानत आहे. जिथे गरज नाही तिथे ती घेऊच नये.

सगळ्यांनी सर्व्हर घ्यावा, असं मी म्हणणार नाही. हे म्हैस पाळण्यासारखं आहे. दूध घरचं मिळतं, पण वैरण-पाणी रोज बघावं लागतं. नुसते चार कागद ठेवायचे असतील तर तयार सेवा पुरते. पण घरात नववी-दहावीनंतरचा मुलगा किंवा मुलगी असेल, जुना लॅपटॉप पडला असेल, तर त्यावर लिनक्स टाकून द्या. भाड्याच्या सर्व्हरची घाई नाही. सहा महिने घरच्याच यंत्रावर मोडू द्या, जोडू द्या. मुलीला आधी द्या. हे काम घरबसल्या शिकता येतं, घरबसल्या करताही येतं.

पापडवाल्या घरातली ती मुलगी आता अकरावीत आहे. रविवारी माझ्याकडे येते. गेल्या आठवड्यात तिने स्वतःची चावी तयार केली आणि मी तिला सर्व्हरवर खातं दिलं. 'सुडो'चा अधिकार मात्र अजून नाही. तिची वेगळी वही आहे. पहिल्या पानावर तिने लाल शाईने काय लिहिलं असेल, ते सांगायला नको.