असं का होतं? : चाक फिरवणारं मूल

उलट्या खेळगाडीचं चाक मूल तासभर फिरवत बसतं. आई विचारते, "रंग कोणता? सांग बरं!" मूल पाठ फिरवतं. स्वमग्न मुलांच्या घरी हे नेहमीचंच.

मुलाचं सगळं लक्ष चाकावर असतं. उत्तर द्यायचं तर लक्ष तिथून उपटायचं, आईकडे न्यायचं, वर शब्दही शोधायचा. चालत्या एसटीत चढताना तिच्याच दिशेनं धावावं लागतं, तसंच इथे. आईनं शेजारी बसून चाकाकडे बघत नुसतं "गरगर... गरगर" म्हटलं, की शब्द नेमका त्या चाकाला चिकटतो. मग थांबायचं. हे गप्प बसणं फार अवघड जातं, पण तेवढ्यात मूल आईचा हात धरून चाकाकडे ओढतं. हाही संवादच!

गोव्यात आणि रावळपिंडीत 65 मुलांसह ही पद्धत तपासली गेली. निष्कर्ष 2016 साली 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त आले. प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते पालक-मुलाच्या खेळाचा व्हिडिओ काढत आणि पालकांसोबत बसून बघत. ही मदत मिळालेली मुलं आपणहून जास्त संवाद साधू लागली. यानं स्वमग्नता जात नाही, घालवायचीही नसते. चाक खुशाल फिरू द्यावं.