जुना लॅपटॉप : पार्ट बदलायचे, नवा घ्यायचा की थांबायचं?

सहा-सात वर्षांपूर्वी घेतलेला लॅपटॉप आता नुसता सुरू व्हायलाच पाच मिनिटं घेतो. क्रोमच्या चार टॅब उघडल्या की माऊस अडकतो. चार्जर काढला की वीस मिनिटांत स्क्रीन काळी. मग सल्ले सुरू होतात. दुकानदार म्हणतो, "यात काही राम नाही, नवाच घ्या." मित्र म्हणतो, "एसएसडी टाक, पळायला लागेल." आणि एखादी रील सांगते, "थांबा, पुढच्या सेलमध्ये स्वस्त मिळेल."

गंमत म्हणजे हे तिघंही बरोबर असू शकतात. कोण बरोबर, हे तुमच्या लॅपटॉपमध्ये नेमकं काय थकलंय यावर ठरतं. आणि ते तुम्ही दुकानात न जाता, एक रुपयाही न देता, घरीच पंधरा मिनिटांत बघू शकता.

मीरा-भाईंदरसारख्या शहरात हा प्रश्न साधा नाही. इथल्या अनेक घरांत एकच लॅपटॉप असतो. सकाळी त्यावर मुलांचा अभ्यास, दुपारी कुणाचे तरी प्रवेशाचे किंवा सीईटीचे अर्ज, रात्री लोकलमधून उतरून आलेल्या माणसाचं उरलेलं ऑफिसचं काम. तो बंद पडला तर तिघांचं काम अडतं. नवा घ्यायचा तर घराच्या हप्त्यात आणखी एक हप्ता वाढतो.

हा प्रश्न आत्ताच का आला?

दोन कारणं आहेत.

पहिलं, विंडोज १०. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट बंद केला. याचा अर्थ लॅपटॉप बंद पडतो असा नाही, तो चालतच राहतो. पण नव्याने सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटी बुजवणारे अपडेट नेहमीसारखे येत नाहीत. ज्या लॅपटॉपवरून तुम्ही बँकेचे व्यवहार करता, त्याच्यासाठी ही गोष्ट छोटी नाही.

दुसरं, मेमरीचे भाव. रॅमच्या चिप जगात मुख्यतः तीनच कंपन्या बनवतात : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना प्रचंड मेमरी लागते आणि तिथे नफाही जास्त मिळतो. त्यामुळे कंपन्यांचा कल तिकडे वळला आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जोरात वाढले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये, ग्राहकांना थेट रॅम आणि एसएसडी विकणारा आपला 'क्रुशियल' हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे लॅपटॉपमध्ये रॅम वाढवणाऱ्यांना हे नाव चांगलं माहीत आहे.

म्हणजे "इलेक्ट्रॉनिक्स काय, थांबलं की स्वस्तच होतं" हा जुना हिशेब सध्या डोळे मिटून धरता येत नाही.

आधी तपासा : नेमकं काय थकलंय?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या 'परफॉर्मन्स' या भागात जा. इथे बहुतेक उत्तरं आहेत.

१. डिस्क : डाव्या बाजूला डिस्कच्या नावाखाली एचडीडी लिहिलंय की एसएसडी, ते बघा. एचडीडी म्हणजे जुनी, फिरणारी तबकडी. तिच्यावरची माहिती वाचायला एक बारीक हात जागोजागी फिरावा लागतो. एसएसडीमध्ये काहीच फिरत नाही, म्हणून साधी साटा एसएसडीसुद्धा सेकंदाला सुमारे ५०० एमबी माहिती वाचते. एचडीडी साधारण १०० ते १५० एमबीवर दमते, आणि फाइल विखुरलेल्या असतील तर फारच मागे पडते. लॅपटॉप सुरू झाल्यावर डिस्क बराच वेळ १०० टक्क्यांवर दिसत असेल, तर आजार सापडला.

२. रॅम : 'मेमरी'वर क्लिक करा. नेहमीची कामं उघडी ठेवून बघा. वापर सतत ८५-९० टक्क्यांच्या वर असेल, तर रॅम कमी पडतेय. आज ४ जीबीत ब्राउझरचीच ओढाताण होते. ८ जीबीत अभ्यास, ऑफिसची कामं आणि व्हिडिओ कॉल निभावतात. १६ जीबी असेल तर निवांत. त्याच पानावर किती स्लॉट वापरात आहेत आणि 'फॉर्म फॅक्टर' काय आहे, हेही दिसतं. तिथे 'एसओडीआयएमएम' असेल तर रॅम काढता-घालता येणारी आहे. 'रो ऑफ चिप्स' असेल तर ती बोर्डावरच बसवलेली आहे, म्हणजे सहसा बदलता येत नाही.

३. प्रोसेसर : विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो. आठवी पिढी २०१७ च्या उत्तरार्धात बाजारात आली. नावातला आकडा वाचा : आय५-८२५०यू म्हणजे आठवी पिढी, आय५-७२००यू म्हणजे सातवी. आकडा १० किंवा ११ ने सुरू होत असेल, तर दहावी किंवा अकरावी. एएमडीच्या नावांवरून अंदाज चुकू शकतो. त्यामुळे मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत ॲप चालवणं उत्तम. त्याने टीपीएम २.० नाही असं सांगितलं तर लगेच निराश होऊ नका. अनेक लॅपटॉपमध्ये ते असतं, फक्त बायोसमध्ये बंद करून ठेवलेलं असतं.

४. बॅटरी : कमांड प्रॉम्प्ट उघडा. रोमन अक्षरांत 'पॉवरसीएफजी' लिहा, एक जागा सोडा, तिरकी रेघ द्या आणि तिला जोडून 'बॅटरीरिपोर्ट' लिहा. एक फाइल तयार होते. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता, असे दोन आकडे असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल, तर बॅटरी संपत आलीय. आणि टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल किंवा लॅपटॉपची खालची बाजू फुगली असेल, तर 'बघू पुढच्या महिन्यात' करू नका. फुगलेली बॅटरी आग पकडू शकते. तो लॅपटॉप बॅगेत घालून गर्दीच्या विरार लोकलमध्ये चढणं हा तुमच्यापुरता धोका राहत नाही.

५. धूळ आणि उष्णता : मीरा-भाईंदरच्या एका बाजूला समुद्र, एका बाजूला वसईची खाडी. हवा दमट आणि खारी, त्यात रस्त्याची आणि बांधकामांची धूळ. पंख्यात धूळ साचली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. आपल्याला वाटतं लॅपटॉप म्हातारा झाला, पण तो नुसता गुदमरलेला असतो. साफसफाई आणि नवी थर्मल पेस्ट हा सगळ्यात स्वस्त इलाज आहे. तो आधी करा.

मग निर्णय कसा घ्यायचा?

पार्ट बदला, जर प्रोसेसर विंडोज ११ ला चालतो, पण डिस्क एचडीडी आहे किंवा रॅम ४ जीबी आहे. एकाच गोष्टीचे पैसे असतील तर आधी एसएसडी. काढलेली एचडीडी फेकू नका. साध्या यूएसबी केसमध्ये घातली की फोटो आणि कागदपत्रांच्या बॅकअपसाठी ती चालते.

थांबा, जर लॅपटॉपचा वेग ठीक आहे, पण प्रोसेसर विंडोज ११ मध्ये बसत नाही. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दिले आहेत. सेटिंग्जमधल्या 'विंडोज अपडेट'मध्ये त्यासाठी नोंदणी करता येते. मायक्रोसॉफ्ट खात्यावर सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर ते मोफत मिळतात. ही सवलत म्हणजे नव्या लॅपटॉपसाठी पैसे साठवायला मिळालेली मुदत, कायमचा उपाय नाही.

लॅपटॉप फक्त ब्राउझरपुरता लागत असेल, तर लिनक्स मिंट किंवा क्रोमओएस फ्लेक्स या मोफत प्रणालींवर जुनं यंत्र आणखी काही वर्षं चालू शकतं. पण टॅली, श्रीलिपीसारखं डीटीपीचं सॉफ्टवेअर किंवा सहीचं डिजिटल टोकन यांवर तुमची रोजीरोटी असेल, तर हा प्रयोग कामाच्या लॅपटॉपवर करू नका. विंडोज ११ वर जातानाही हे सगळं चालतं का, ते आधी त्या-त्या विक्रेत्याला विचारा.

नवा घ्या, जर प्रोसेसर जुना, रॅम बोर्डावरच बसवलेली ४ जीबी, बॅटरी संपलेली आणि बिजागरही तुटलेलं, असं दोन-तीन आजारांचं दुखणं एकत्र असेल. किंवा कामच बदललं असेल. कॉलेजला व्हिडिओ एडिटिंग किंवा ऑटोकॅड लागणार असेल, तर एसएसडी घालून प्रोसेसर तरुण होत नाही.

न चालणाऱ्या लॅपटॉपवर युक्तीने विंडोज ११ घालून देणाऱ्या रील भरपूर आहेत. ते घालता येतं, हे खरं. पण अशा लॅपटॉपना पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी नाही, असं मायक्रोसॉफ्टनेच स्पष्ट केलं आहे. ज्या सुरक्षेसाठी खटाटोप केला, तीच अनिश्चित राहते.

पैशांचा हिशेब : एकूण नाही, वर्षाचा

समजा, एसएसडी, साफसफाई आणि बॅटरी मिळून ८,००० रुपये लागतात आणि लॅपटॉप आणखी दोन वर्षं चालेल. म्हणजे वर्षाला ४,००० रुपये. समजा, नवा लॅपटॉप ४८,००० रुपयांचा आहे आणि सहा वर्षं चालेल. म्हणजे वर्षाला ८,०००. इथे दुरुस्ती परवडली. पण दुरुस्तीचा खर्च १८,००० वर गेला आणि आयुष्य तेवढंच वाढलं, तर वर्षाला ९,००० पडतात आणि हातात जुनंच यंत्र राहतं. रॅमचे भाव चढलेले असताना हा दुसरा प्रसंग सहज येऊ शकतो. म्हणून जुन्या आठवणीतल्या भावावर जाऊ नका, त्या दिवशीचा भाव विचारून हे गणित मांडा.

सोपा ठोकताळा : दुरुस्तीचा एकूण खर्च तशाच नव्या लॅपटॉपच्या एक तृतीयांशाच्या आत असेल तर करा. निम्म्याच्या वर जात असेल तर हात आवरा.

सेलसाठी किंवा जीएसटी कमी होण्यासाठी थांबावं का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले तेव्हा एसी आणि मोठे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले. लॅपटॉपवर आधीही १८ टक्केच होता आणि तेवढाच राहिला. त्यामुळे 'टॅक्स कमी होणार' या फॉरवर्डवर निर्णय लांबवू नका. दिवाळी किंवा १५ ऑगस्टचा सेल महिन्या-दीड महिन्यावर असेल आणि लॅपटॉप चालत असेल, तर थांबायला हरकत नाही. पण आजचा भाव लिहून ठेवा, म्हणजे सेलमधली 'सूट' खरी की फुगवलेली ते कळेल. आणि काम अडलं असेल, तर थांबण्याचीही किंमत असते. सायबर कॅफेच्या फेऱ्या आणि हुकलेली अर्जाची तारीख हीसुद्धा त्यात धरा.

कुठे आणि कसं करून घ्यायचं?

साफसफाई किंवा एसएसडीसाठी मीरा रोड-भाईंदरमधलं ओळखीचं दुकान पुरेसं आहे. काही बिघडलं तर रिक्षाने परत जाता येतं. न मिळणारा पार्ट किंवा भावाची तुलना हवी असेल, तर ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग. रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात, हे लक्षात ठेवून निघा. कुठेही गेलात तरी :

- आधी स्वतः बॅकअप घ्या. मायक्रोसॉफ्ट खात्यातून बिटलॉकरची रिकव्हरी की लिहून ठेवा. ती नसेल तर आपलाच डेटा आपल्याला उघडत नाही.
- लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल नंबर सांगून रॅम डीडीआर३, डीडीआर४ की डीडीआर५ ते विचारा. एकाच्या जागी दुसरी बसत नाही.
- जुनी, तपासलेली रॅम वॉरंटीसह मिळाली तर घ्यायला हरकत नाही. एसएसडी मात्र नवीच घ्या, कारण ती लिहून-लिहून झिजते.
- काढलेले पार्ट परत मागा. बिलावर नव्या पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्या.
- रीफर्बिश्ड लॅपटॉप घेत असाल, तर वर दिलेल्या पाचही तपासण्या दुकानातच करा.
- नवा घेताना १६ जीबी रॅम बघा. ८ जीबीचा घ्यायचा झाला, तर एक स्लॉट रिकामा असलेला घ्या.

निर्णय काहीही होवो, एक काम आजच करा. एचडीडी बंद पडण्याआधी दरवेळी सूचना देतेच असं नाही. मार्कशीट, पॅन, घराचा करारनामा आणि मुलांचे लहानपणचे फोटो आज रात्रीच पेनड्राइव्हवर किंवा क्लाउडवर टाका. लॅपटॉप उद्याही विकत मिळतो, हे मिळत नाहीत.