पिशवी काढण्याआधी रक्त तपासा



बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागले की बिंदुसरा धरणापाशी पाली गाव येते. दिवाळीच्या सुमारास या भागातले तांडे, पारध्यांच्या आणि भिल्लांच्या वस्त्या निम्म्या रिकाम्या होतात. टोळ्या ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल आधीच घेतलेली, आणि एक दिवस बुडाला तर खाडा कापला जातो. फडात आडोसा नाही, कोपीत पुरेसे पाणी नाही. तिथे एखादीच्या अंगावरून फार जात असले, तरी ती कोणाला सांगते? सांगितलेच तर जाऊ म्हणते, "माझंबी तसंच जातं." मग ते आजारपण राहत नाही, बाईचा जन्म ठरतो.

पुढची गोष्ट महाराष्ट्राला २०१९ मध्ये कळली. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे दर सहा जणींमागे जवळजवळ एक. त्यातल्या कित्येक तिशी-पस्तिशीच्या आतबाहेर होत्या. कारणे अनेक होती: अंगावरून पांढरे जाणे, कर्करोगाची घातलेली भीती, बुडणारी मजुरी. त्यानंतर जिल्ह्यातल्या खाजगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले, हे चांगलेच झाले. पण दोष पिशवीत नसून रक्तातच असेल तर, हा प्रश्न मात्र या सगळ्या चर्चेत फारसा कोणी विचारला नाही.

रक्त गोठण्यासाठी आपल्या शरीरात बिंबिका आणि अनेक प्रथिने एकापाठोपाठ एक काम करतात. त्यातले एखादे जन्मतः कमी असले की रक्त लवकर थांबत नाही. हिमोफिलिया हे नाव आपण ऐकलेले असते, आणि तो पुरुषांचा आजार असेही ऐकलेले असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या व्याख्येतसुद्धा तो सहसा पुरुषांनाच होतो आणि स्त्रिया तो मुलांना देतात, असेच लिहिले आहे. जणू बाई म्हणजे नुसती निरोप्या! प्रत्यक्षात हा दोष वाहून नेणाऱ्या कित्येक स्त्रियांचे स्वतःचे फॅक्टरही कमी असते आणि त्यांनाही रक्तस्राव होतो.

शिवाय फॉन विलेब्रँड नावाचा दुसरा आजार आहे. तो मुलगा-मुलगी दोघांना सारखाच होतो, पण त्रास बाईला जास्त, कारण रक्त जाण्याचा प्रसंग तिच्यावर दर महिन्याला येतो. फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रँड यांनी १९२६ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले. त्यांनी तपासलेली पाच वर्षांची मुलगी पुढे तेराव्या वर्षी, तिच्या चौथ्याच पाळीत, रक्तस्रावाने वारली. शंभर वर्षे होत आली. आजही कितीतरी घरांत मुलीच्या पहिल्या पाळीत रक्त थांबले नाही, तर आधी नजर उतरवली जाते.

मराठवाड्यात मामाच्या नाहीतर आत्याच्या घरात मुलगी देण्याची रीत आहे. आईवडील दोघांकडून एकच दोष आला तर होणारे काही दुर्मिळ पण तीव्र रक्तस्रावाचे आजार अशा नात्यातल्या लग्नांत जास्त दिसतात. इथे कोणाला दोष द्यायचा नाही, पण घराण्यात असा इतिहास असेल तर लग्न जुळवण्याआधी बोललेले बरे.

ओळखायचे कसे? पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते का, तास-दोन तासांत कपडा भिजतो का, मोठ्या गाठी पडतात का, हे विचारावे. लहानपणी घोळणा फुटला की दहा मिनिटांतही थांबत नसे का? दात काढल्यावर किंवा बाळंतपणात रक्त आवरेना असे झाले का? मार न लागता अंगावर काळेनिळे डाग पडतात का? आई, बहीण, मावशी यांचेही असेच होते का? यातल्या दोन-तीन प्रश्नांना "हो" आले, तर पिशवीचा विचार करण्याआधी रक्ताची तपासणी हवी. नेहमीच्या तपासणीत फॉन विलेब्रँड निसटू शकतो, त्याची चाचणी वेगळी मागावी लागते. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची रक्तविकारांची संस्था आहे. तिथे अशा आजारांचे निदान होते.

निदान न होता शस्त्रक्रिया झाली तर टेबलावरच रक्त थांबेना, असे होऊ शकते. निदान झाले तर पुष्कळदा साध्या उपायांनी भागते. ट्रानेक्झामिक ॲसिडची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने पाळीच्या दिवसांपुरती घेता येते. हे औषध १९६० च्या दशकात जपानमध्ये उताको ओकामोतो या स्त्री शास्त्रज्ञाने पतीसोबत शोधले. रक्तक्षयासाठी लोहाच्या गोळ्या, गरज पडल्यास फॅक्टरचे इंजेक्शन. अंगदुखीला ॲस्पिरिन मात्र घेऊ नये, त्याने रक्त आणखी पातळ होते. काही जणींना शेवटी पिशवी काढावी लागतेही, पण ती तयारीनिशी काढावी.

मार्काच्या शुभवर्तमानातली बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री आपल्याला ठाऊक आहे. पुष्कळ वैद्यांच्या हाती तिने सारे धन घालवले आणि दुखणे वाढतच गेले. ऊसतोडीच्या भगिनींची गोष्ट याहून फार वेगळी नाही. तीही गर्दीत लपूनच आली होती. पण मग तिला सर्वांसमोर सगळे सांगण्याची जागा मिळाली. आपल्याकडे तीच जागा सहसा नसते.

अशी जागा करता येते, हे पालीनेच दाखवले आहे. ज्या आजाराचे नावही लोक घेत नव्हते, त्या एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांसाठी इथे 'इन्फंट इंडिया' उभी राहिली. रक्तस्रावाच्या रुग्णांसाठी १९८३ पासून 'हिमोफिलिया फेडरेशन इंडिया' काम करते. २०२५ च्या १७ एप्रिलला जागतिक हिमोफिलिया दिनाचा विषयच स्त्रिया आणि मुली हा होता.

टोळ्या पाडव्याच्या आगेमागे परततात. तेव्हा आपल्या महिला मंडळाने तांड्यावर एक दुपार बसावे, पुरुषांना बाहेर ठेवून. वर दिलेले प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लिहून घ्यावीत. जिला गरज वाटेल तिच्यासोबत जिल्हा रुग्णालयात एकीने जावे. त्या दिवसाचा खाडा कोण भरणार, हेही आधीच ठरवावे. आणि जिचे निदान झाले असेल, तिच्या पिशवीत आजाराचे नाव लिहिलेली चिठ्ठी असावी, म्हणजे पुढच्या फडात कुठेही बाळंतपण किंवा अपघात झाला, तरी तिथल्या डॉक्टरला ती वाचता येईल.