ब्याण्णव गोल मोठे की पासष्ट?

६ एप्रिल २०२५ रोजी बर्फावरच्या हॉकीत एक फार मोठा विक्रम मोडला. वॉशिंग्टन कॅपिटल्स संघाचा रशियन खेळाडू अलेक्झांडर ओव्हेच्किन याने उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगमध्ये आपला ८९५ वा गोल केला. आधीचा ८९४ गोलांचा विक्रम कॅनडाच्या वेन ग्रेट्झ्कीचा होता. तो १९९९ साली निवृत्त झाला. योगायोग पाहा : ग्रेट्झ्की साखळीत एकूण १४८७ सामने खेळला होता आणि ओव्हेच्किनचा तो सामनाही नेमका १४८७ वाच होता! सामने तेवढेच आणि गोल एकाने जास्त. मग ओव्हेच्किन श्रेष्ठ, असे म्हणून मोकळे व्हावे काय?

(ही हॉकी आपल्या मैदानी हॉकीहून निराळी. पायांत स्केट्स, चेंडूऐवजी रबराची चकती, आणि गोलरक्षक धरून एका बाजूला सहा खेळाडू.)

आपण दोघांचा एकेकच हंगाम घेऊ. १९८१-८२ मध्ये एडमंटन ऑयलर्सकडून ग्रेट्झ्कीने ८० सामन्यांत ९२ गोल केले. २००७-०८ मध्ये ओव्हेच्किनने ८२ सामन्यांत ६५ केले. सामन्यामागे हिशेब केला तर ग्रेट्झ्कीचे १.१५ आणि ओव्हेच्किनचे ०.७९३ गोल होतात. आता पारडे एकदम उलट बाजूला झुकले!

पण ही तुलना एकक न पाहता केलेली आहे. एक लांबी इंचांत आणि दुसरी सेंटिमीटरमध्ये मोजून नुसते आकडे ताडून पाहावेत, तसे हे झाले. १९८१-८२ मध्ये गोलांचा पाऊस पडत असे. प्रत्येक संघ सामन्यामागे सरासरी सुमारे ४ गोल करी. २००७-०८ मध्ये ही सरासरी सुमारे पावणेतीनवर आली होती. याचे एक कारण गोलरक्षकांच्या आकड्यांतच दिसते. पूर्वी शंभर फटक्यांपैकी सुमारे ८७ अडवले जात, नंतर सुमारे ९१. फरक चारचाच वाटतो, पण आत शिरणारे फटके मोजा. १३ वरून ९! म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश गोल कमी.

तेव्हा त्या त्या काळची सरासरी हेच एकक धरू.

ग्रेट्झ्की : १.१५ ÷ ४ = ०.२८८
ओव्हेच्किन : ०.७९३ ÷ २.७५ = ०.२८८

तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत सारखेच! दोघांनीही आपापल्या काळातील सरासरी संघाच्या गोलांच्या सुमारे २९ टक्के गोल एकट्याने केले. (ग्रेट्झ्कीचे गोलही त्या सरासरीत आहेतच, अशी शंका एखादा चौकस विद्यार्थी घेईल. तेव्हा २१ संघ होते, त्यांचे मिळून ६७०० च्या आसपास गोल झाले. त्यात ९२ म्हणजे दीड टक्कासुद्धा नाही.)

तीन दशांश स्थळे जुळली म्हणून मात्र हुरळून जाऊ नका. किरणोत्सर्गी पदार्थाचे कण मोजताना आपण एक नियम वापरतो : मोजणी न असेल, तर तिच्यात सुमारे वर्गमूळ न इतका चढउतार केवळ योगायोगाने होतो. गोलांनाही तो बऱ्यापैकी लागू पडतो. ९२ चे वर्गमूळ सुमारे साडेनऊ, ६५ चे आठ. म्हणजे दोन्ही आकड्यांत दहा-बारा टक्के अनिश्चितता आहे. उद्या कोणी ०.२८ आणि ०.३० यांवरून श्रेष्ठत्व ठरवू लागला, तर त्याच्याकडे दुर्लक्ष करावे, असे मला वाटते.

मला स्वतःला यापुढची पायरी अधिक आवडते. सामन्यामागील गोल = सामन्यामागील फटके × फटक्यामागील गोल. ग्रेट्झ्कीने त्या हंगामात ३६९ फटके मारले, सामन्यामागे ४.६, त्यांतले २४.९ टक्के गोल झाले. ओव्हेच्किनने ४४६ मारले, सामन्यामागे ५.४, यश १४.६ टक्के. ही टक्केवारीही काळाच्या सरासरीने भागा : ग्रेट्झ्की सर्वसाधारण खेळाडूच्या जवळजवळ दुप्पट अचूक, तर ओव्हेच्किन १.६ पट. म्हणजे गुणाकार सारखा आला तरी अवयव वेगळे आहेत. एक संधी हेरून मारणारा, दुसरा मारा थांबू न देणारा.

शिवाय गोलासाठी चकती पुरवणाऱ्यालाही साहाय्याचे श्रेय मिळते. ग्रेट्झ्कीची त्या हंगामातील साहाय्ये १२०, ओव्हेच्किनची ४७. येथे मात्र सरासरीने भागून किंवा वर्गमूळ काढूनही दरी बुजत नाही. ‘अधिक चांगला गोल करणारा कोण’ याचे उत्तर बरोबरी असेल. ‘अधिक चांगला आघाडीचा खेळाडू कोण’ याचे उत्तर, निदान या दोन हंगामांपुरते, ग्रेट्झ्की हेच.

अलीकडचे संख्याशास्त्रज्ञ गोलांवरच थांबत नाहीत. बफलो संघाच्या गोलरक्षकांचे माजी प्रशिक्षक जिम कॉर्सी यांच्या नावाने एक माप प्रसिद्ध आहे. खेळाडू बर्फावर असताना त्याच्या संघाने केलेले सर्व मारे मोजायचे. अडवलेले, हुकलेले, गोल झालेले, सगळे. तसेच प्रतिपक्षाचेही. मग एकूण माऱ्यांत आपल्या संघाचा वाटा काढायचा. फायदा उघड आहे : सामन्यात गोल पाच-सहा होतात, मारे शंभरच्या घरात जातात. शंभराचे वर्गमूळ दहा, म्हणजे चढउतार दहाच टक्के. पाचाचे वर्गमूळ सव्वादोन, म्हणजे चढउतार पंचेचाळीस टक्के! परंतु अशा खेळाडूवार नोंदी साधारणपणे २००७-०८ पासूनच्याच मिळतात. त्यामुळे त्या रकान्यात ग्रेट्झ्कीपुढे काहीच लिहिता येत नाही.

तुमच्या शाळेचा पुढचा हॉकीचा किंवा फुटबॉलचा सामना असेल तेव्हा दोघे मित्र वही घेऊन कडेला बसा. एकाने आपल्या संघाचे, दुसऱ्याने समोरच्या संघाचे गोलाच्या दिशेने केलेले सर्व मारे उभ्या रेघांनी नोंदवावेत. हुकलेलेही सोडू नका. पाच सामने झाले की माऱ्यांतला वाटा आणि गोलांतला वाटा शेजारी मांडा, आणि दोन्हींपुढे वर्गमुळावरून काढलेली अनिश्चितताही लिहा.