किरणोपचाराचा तज्ज्ञ शोधताना

घरातील कोणास कर्करोग झाल्याचे निदान झाले की आपल्याकडे पहिला प्रश्न ‘उपचार कोणता?’ हा नसतो. ‘मुंबईला कोणाची ओळख आहे?’ हा असतो. पेडण्यापासून काणकोणपर्यंत आणि सावंतवाडीपासून कारवारपर्यंत हीच रीत आहे. परळच्या टाटा रुग्णालयावरील हा विश्वास अनाठायी नाही. १९४१ साली सुरू झालेली ती संस्था १९६२ पासून केंद्राच्या अणुऊर्जा खात्याच्या छत्राखाली आहे, आणि तिच्या दारावरून जाणाऱ्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जिस या गोमंतकीय वंशाच्या शल्यविशारदाचे नाव आहे. तेथे जाऊन सल्ला घेऊ नये असे आम्ही कदापि म्हणणार नाही.

परंतु शस्त्रक्रियेसाठी मुंबई गाठणे आणि किरणोपचारासाठी गाठणे यांत महदंतर आहे. शस्त्रक्रिया एका दिवसात होते. किरणोपचार, ज्याला आपली माणसे ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात, तो मात्र रोजचा असतो. तोंडाच्या अथवा घशाच्या कर्करोगात आठवड्याचे पाच दिवस, असे सहा ते सात आठवडे यंत्राखाली निजावे लागते. प्रत्येक खेप जेमतेम दहा-पंधरा मिनिटांची. उरलेला दिवस परक्या शहरात काढावयाचा. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारखी ठिकाणे रुग्णांना आसरा देतात, हे त्यांचे थोर उपकार. पण प्रत्येकाला तेथे जागा मिळतेच असे नाही. सोबतचा माणूस रजा किती घेणार? जवळचा पैसा सरतो, तोंड सोलवटल्यामुळे अन्न जात नाही, आणि ‘थोडे बरे वाटते आहे, आता पुरे’ असे म्हणून कुटुंब अर्ध्यावरच परतते.

खरा घात होतो तो येथे. किरणांमध्ये खंड पडला की उरलेल्या कर्कपेशी त्या अवधीत पुन्हा वाढू लागतात. मान व घशाच्या कर्करोगात उपचार लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते, असे वैद्यकशास्त्र मानते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात सर्व उपचार आठ आठवड्यांच्या आत पुरा करावा, असा दंडक आहे. चवथीला घरी जाऊन यावे म्हणून आठ दिवसांची सुट्टी मागणारे रुग्ण थोडे नसतात. श्रद्धेविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु घरच्या गणपतीची पूजा भाऊबंद करू शकतात, चुकलेले शेक दुसऱ्या कोणास घेता येत नाहीत.

म्हणून किरणोपचाराचा तज्ज्ञ शोधताना पहिली कसोटी नावाची नव्हे, अंतराची असावी. जेथे रोज, न चुकता, शेवटपर्यंत जाता येईल असे सर्वांत जवळचे सुसज्ज केंद्र कोणते, हे आधी पाहावे. ‘काखेत कळसा’ ही म्हण या बाबतीत आपल्याला अनेकदा लागू पडते. मुंबईत एकवार दाखवून उपचाराची आखणी करून घ्यावी आणि शेक घराजवळ घ्यावेत, हा मार्ग मोठे डॉक्टर स्वतःच सुचवितात. २०१२ साली टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने उभे राहिलेले राष्ट्रीय कर्करोग जाळे याच हेतूने देशभरची रुग्णालये जोडते. हाडात पसरलेल्या रोगाच्या वेदना तर पुष्कळदा एकाच बैठकीतील किरणांनी शमतात. त्यासाठी जर्जर रुग्णाला रात्रभराचा प्रवास घडविणे हे प्रेम असले तरी शहाणपण नव्हे.

दुसरी गोष्ट वेळेची. कर्करोगाचे वैद्य तीन: शस्त्राचा, औषधाचा आणि किरणांचा. यांतील तिसऱ्याकडे आपण सर्वांत शेवटी, अनेकदा शस्त्रक्रिया उरकल्यावरच पोहोचतो. स्वरयंत्राचा रोग आरंभीच्या अवस्थेत असेल तर केवळ किरणांनी तो बरा होऊन आवाज वाचू शकतो; गर्भाशयमुखाचा रोग पुढे सरकलेला असेल तर किरण आणि त्यासोबतचे औषध हाच मुख्य उपचार असतो. तेव्हा सुरी लावण्यापूर्वी तिघांनी एकत्र बसून निर्णय केला आहे काय, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. विचारल्याने डॉक्टर रागावतील ही भीती आपण टाकली पाहिजे.

तज्ज्ञाची पारखही अवघड नाही. तो किरणोपचार शास्त्रातील एम.डी. अथवा डी.एन.बी. असावा व राज्याच्या वैद्यक परिषदेकडे त्याची नोंद असावी. क्ष-किरणांची छायाचित्रे वाचणारा डॉक्टर निराळा आणि हा निराळा, हे सुशिक्षितांच्याही ध्यानी नसते. शिवाय हा वैद्य एकटा काही करू शकत नाही. किरणांची मात्रा मोजणारा वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ त्याच्या सोबत लागतो, आणि १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याविना हे यंत्र कोणास चालविता येत नाही. जाहिरातींत मात्र दिसते ते यंत्राचे नाव आणि त्याची कोट्यवधींची किंमत! आमच्या मते साधी खूण वेगळीच आहे. तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णाला शेक सुरू करण्यापूर्वी जो दंतवैद्याकडे धाडतो, तंबाखू सोडली काय म्हणून दरडावतो आणि गिळणे थांबल्यास नळीने अन्न कसे द्यावयाचे हे आधीच सांगून ठेवतो, तो वैद्य आपले काम जाणतो. किरण लागलेल्या जबड्यातील दात मागाहून काढल्यास जखम भरत नाही, हाड कुजू शकते. म्हणून हा खटाटोप.

खर्चासाठी गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तिचे कार्ड कपाटात पडून राहते आणि दागिने गहाण पडतात, असे होऊ नये. कोणत्या केंद्रात कोणता उपचार या कार्डावर होतो, याची चौकशी पहिल्याच दिवशी करावी.

सरकारकडे आमचे मागणे माफक आहे. बांबोळीला निदानाचा कागद हाती पडतो त्याच खिडकीवर आणखी एक कागद मिळावा. गोव्यात आणि बेळगाव, कोल्हापूर, मणिपाल या टापूत किरणोपचार कोठे होतो, तज्ज्ञ कोणत्या वारी भेटतात, सरासरी किती दिवस थांबावे लागते आणि कोणती योजना चालते, एवढेच त्यावर मराठीत व कोकणीत छापलेले असावे. दर तीन महिन्यांनी तो नव्याने छापावा, आणि त्याची एक प्रत प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावावी.